भरपूर फिरलेल्या मैत्रिणीसोबत परदेशातलं शहर, तेही कमी खर्चात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशातल्या एखाद्या शहरात थोड्या दिवसांसाठी जायचं आहे, हाताशी पैसे मोजके आहेत आणि सोबत अनेक देश पाहिलेली मैत्रीण आहे. असा योग आला तर तो जरूर साधावा. तिच्यामुळे भीती कमी होते, खोलीचं भाडं अर्धं होतं आणि नवख्या माणसाचे होणारे बरेच फालतू खर्च टळतात. पण हे आपोआप होत नाही. पैशांबद्दल दोघींनी आधीच स्पष्ट बोललेलं असेल आणि तुम्हीही थोडी तयारी केलेली असेल, तरच तिच्या अनुभवाचा तुमच्या खिशाला उपयोग होतो. खालची उत्तरं याच धोरणाने लिहिली आहेत. ‘मैत्रीण’ हा शब्द सोयीसाठी वापरला आहे. मित्र असेल तर तसं वाचा.

तिला सगळं माहीत आहे. मग मी वेगळी तयारी कशाला करायची?

कारण ती तिच्या सवयीने ठरवणार. कुठल्या भागात राहायचं, किती चालायचं, दमल्यावर टॅक्सी करायची की बसची वाट बघायची, हे सगळं तिच्या कमाईला आणि तिच्या अंगवळणी पडलेल्या पद्धतीला धरून असतं. त्यात तिचा काही दोष नाही. तुम्ही काहीच बोलला नाहीत, तर तुम्हालाही तेच हवं आहे असं ती समजणार.

फार अभ्यासाची गरज नाही. शहराचा नकाशा एकदा शांतपणे बघा: विमानतळ कुठे, मुक्काम कुठे, नदी किंवा समुद्र कुठल्या बाजूला. तुम्हाला मनापासून बघायच्या आहेत अशा दोन-तीन गोष्टी स्वतः शोधून काढा. आणि तुमच्या पासपोर्टला लागू असलेले प्रवेशाचे नियम स्वतः वाचा. हे शेवटचं काम दुसऱ्यावर कधीही सोपवू नका.

पैशांचा विषय कधी काढायचा? मला फार संकोच वाटतो.

तिकीट काढण्याआधी. खरं तर शहर ठरवण्याआधी.

संकोच वाटणं साहजिक आहे, पण तो पहिल्याच गप्पांत मोडला तर पुढचे सगळे दिवस मोकळे जातात. ‘मला जास्त खर्च जमणार नाही’ असं मोघम सांगू नका, कारण ‘जास्त’ म्हणजे किती, याचा अंदाज प्रत्येकीचा वेगळा. आकडा सांगा. विमान आणि मुक्काम धरून एकूण इतके आणि तिथे पोचल्यावर रोजचे इतके, असे दोन आकडे पुरतात. रोजचा आकडा जास्त महत्त्वाचा, कारण मोठे खर्च एकदाच होतात आणि लक्षातही राहतात. पैसे संपतात ते सकाळच्या कॉफीत, दोन थांब्यांसाठी केलेल्या टॅक्सीत आणि ‘आता आलोच आहोत तर’ म्हणून काढलेल्या तिकिटांत.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवून टाका: दोघींपैकी कुणीही, कधीही, ‘हे माझ्या हिशोबात बसत नाही’ एवढंच म्हणू शकते आणि त्यावर कारण विचारायचं नाही. मनात आखडून बसण्यापेक्षा हे एक वाक्य पुष्कळ बरं.

उरलेली रक्कम म्हणजे वाया गेलेली मजा नव्हे, हेही तिला सांगा. काही लोकांना मनापासून वाटतं की सुट्टीत पैसे मोजणं म्हणजे सुट्टीचा आनंद घालवणं. माझं मत उलट आहे. मर्यादा माहीत असली की माणूस निर्धास्त फिरतो.

शहर कसं निवडावं?

विमानाच्या तिकिटाच्या किमतीवरून निवडू नका. स्वस्त तिकिटाने महागड्या शहरात पोचलात तर पहिल्या दोन दिवसांतच सगळी बचत आटते. शहराकडे बघताना मी या गोष्टी बघते: विमानतळावरून साधी रेल्वे किंवा बस आहे का, मधला भाग पायी फिरता येतो का, सार्वजनिक वाहतूक रात्री किती वाजेपर्यंत चालते आणि पैसे न देता बघण्यासारखं किती आहे.

मौसम थोडा टाळा. शाळांच्या सुट्ट्या, मोठे सण आणि मोठी प्रदर्शनं-परिषदा असल्या की त्याच खोलीचं भाडं भलतंच चढतं. आणि एकाच प्रवासात तीन शहरं कोंबू नका. प्रत्येक बदलाला अर्धा दिवस आणि भाडं दोन्ही जातं.

तिने ते शहर आधी पाहिलेलं असेल तर?

मग तुमचं नशीब चांगलं आहे, फक्त दोन गोष्टी जपा. पहिली म्हणजे, तिला तेच प्रसिद्ध ठिकाण पुन्हा बघण्यात रस नसेल. त्यासाठी तिला ओढून नेऊ नका, दुसरं तिकीट वाचेल. तुम्ही एकट्या आत जा, ती तोवर बाहेर बसेल किंवा भटकेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: तिची माहिती जुनी झालेली असू शकते. इस्तंबूलची आया सोफिया २०२० मध्ये पुन्हा मशीद झाल्यावर तिथे प्रवेश मोफत होता. जानेवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना वरच्या सज्जात जाण्यासाठी शुल्क भरावं लागतं. व्हेनिसने २०२४ पासून वर्षातल्या काही ठरावीक दिवशी फक्त दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांसाठी शुल्क सुरू केलं. उलटही घडतं: लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सगळ्यांना मोफत आहे, पर्यटकांनाही. ज्या मैत्रिणीने ही शहरं त्याआधी पाहिली आहेत, ती अगदी खात्रीने चुकीचं सांगेल. तेव्हा तिचं ऐका, आणि प्रत्येक ठिकाणच्या अधिकृत संकेतस्थळावर ताजी माहितीही बघा.

व्हिसा दोघींचा एकत्र होतो का?

नाही. प्रत्येकीचा अर्ज स्वतंत्र असतो आणि निर्णयही स्वतंत्र. इथेच अनुभवी सोबतिणींचं हमखास दुर्लक्ष होतं. तिच्याकडे कदाचित बरीच वर्षं चालणारा, अनेकदा ये-जा करता येणारा व्हिसा आधीच असेल, किंवा तिच्या पासपोर्टला व्हिसा लागतच नसेल. तुम्हाला भेटीची वेळ मिळवण्यापासून सुरुवात करायची आहे, हे तिच्या ध्यानातही येत नाही. म्हणून प्रवासाच्या तारखा जिला जास्त वेळ लागणार आहे तिच्या सोयीने ठरवा.

युरोपातल्या शेंगेन देशांचं, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटाचं, उदाहरण घ्या. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि साधारणपणे किमान १५ दिवस आधी तो द्यावा लागतो. जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. दिवस सारखे असतील तर जिथून प्रवेश करणार त्या देशाकडे. किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा वैद्यकीय प्रवास विमा लागतो. मुक्काम कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त नको. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला असावा आणि परत निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा असावा. इतर अनेक देश सहा महिने मागतात. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांच्या सीमांवर शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो नोंदवण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने आली. ‘पाच मिनिटांत बाहेर पडतो’ हा तिचा जुना अनुभव धरून पुढची गाडी ठरवू नका.

स्वस्त विमान कंपनी खरंच स्वस्त पडते का?

पडते, जर तुम्ही तिच्या नियमांत राहिलात तर. जाहिरातीतल्या भाड्यात बहुतेक वेळा सीटखाली मावेल एवढीच पिशवी असते. मोठी बॅग, आवडीची सीट, विमानतळावर जाऊन केलेलं चेक-इन, या सगळ्याचे वेगळे पैसे. पिशवीचं माप घरीच घ्या, वजनही घरीच करा आणि बोर्डिंग पास आधीच काढून ठेवा.

विमानतळाच्या नावावर भुलू नका. पॅरिस बोवे हा विमानतळ पॅरिसपासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे, आणि फ्रँकफुर्ट हान तर फ्रँकफुर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर. तिकिटाच्या किमतीत गावात येण्याचं भाडं आणि वेळ मिळवूनच तुलना करा. पहाटेची फ्लाइट असेल तर त्या वेळी साधी बस किंवा रेल्वे सुरू झालेली असते का, तेही बघा, कारण एका टॅक्सीत सगळी बचत जाऊ शकते.

गावात येताना खास विमानतळाची वेगवान गाडी आणि साधी लोकल अशा दोन्ही सोयी असतील, तर पाट्या वेगवान गाडीकडेच बोलावतात. व्हिएन्नात एस-बान ही साधी लोकल आहे, लंडनच्या हीथ्रोवरून पिकाडिली लाइन ही मेट्रो थेट शहराच्या मध्यात येते. थोडा वेळ जास्त लागतो, पैसे बरेच कमी.

मुक्काम कुठे आणि कसा?

खोली घेताना ‘ट्विन’ आणि ‘डबल’ यांतला फरक बघा. ट्विन म्हणजे दोन वेगळे पलंग, डबल म्हणजे दोघींना मिळून एकच. जिवलग मैत्री असली तरी रात्री नीट झोप लागली पाहिजे.

दोघी असाल तर हॉस्टेलमधली खाजगी खोली हा पर्याय बघाच. बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर वापरता येतं. अपार्टमेंट घेताना स्वच्छतेचं शुल्क वेगळं लागतं. ते दोन रात्रींवर वाटलं की दर रात्रीचा खर्च फुगतो, आठवडाभरावर वाटलं की फारसं जाणवत नाही. अनेक शहरं मुक्कामावर पर्यटक कर घेतात, आणि तो कित्येकदा हॉटेलात पोचल्यावर वेगळा भरावा लागतो. ॲमस्टरडॅममध्ये तो २०२४ पासून भाड्याच्या १२.५ टक्के आहे.

ऐन मध्यवस्तीत राहायलाच हवं असं नाही. मेट्रोच्या थांब्यापासून पायी दहा मिनिटांत आणि मध्यापासून वीस-पंचवीस मिनिटांवर, हे अंतर मला सगळ्यात सोयीचं वाटतं. त्याहून लांब गेलात तर दुपारी खोलीवर येऊन पाठ टेकता येत नाही आणि मग दिवसभर कुठे ना कुठे बसण्यासाठी पैसे मोजावे लागतात.

शहरात फिरताना पास घ्यावा की सुटी तिकिटं?

आधी दिवसाला किती वेळा गाडीत बसणार ते मोजा. मध्यवस्ती पायी फिरणार असाल तर पास अनेकदा महागच पडतो. संग्रहालयं आणि प्रवास एकत्र असलेले ‘सिटी कार्ड’ तर तुम्ही रोज तीन-चार सशुल्क ठिकाणं धावत उरकणार असाल तरच वसूल होतं. तसं धावावं असं मला वाटत नाही.

काही शहरांत हा विचार तुमच्यासाठी यंत्रणाच करते. लंडनमध्ये काँटॅक्टलेस कार्डाने दिवसभरात ठरावीक रकमेइतकं भाडं झालं की त्यापुढचे प्रवास त्याच मर्यादेत मोजले जातात. मात्र एका कार्डावर दोघींना जाता येत नाही. तसंच तेच कार्ड एकदा प्लॅस्टिकचं आणि एकदा फोनमधून लावलं, तर दोन वेगळी कार्डं समजली जातात. म्हणून मैत्रीण ‘माझ्याच कार्डावर चल’ म्हणाली तरी स्वतःचं कार्ड हवंच.

प्राग, बुडापेस्ट अशा शहरांत कागदी तिकीट घेणं पुरेसं नसतं. चढण्याआधी किंवा चढल्यावर ते यंत्रात घालून शिक्का उमटवावा लागतो. तिकीट खिशात असूनही शिक्का नसेल तर दंड होतो आणि तपासनीस पर्यटकाला सवलत देत नाहीत.

पैसे न देता बघण्यासारखं खरंच काही चांगलं असतं का?

खूप असतं, आणि ते दुय्यम दर्जाचं अजिबात नसतं. लंडनमधली ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट ही सगळी संग्रहालयं कायमस्वरूपी दालनांसाठी मोफत आहेत. वॉशिंग्टनमधली स्मिथसोनियनची संग्रहालयं मोफत आहेत. पॅरिस महापालिकेच्या पेती पाले, कार्नाव्हाले यांसारख्या संग्रहालयांत कायमचा संग्रह बघायला तिकीट लागत नाही. माद्रिदच्या प्रादोमध्ये बंद होण्याआधीचे शेवटचे दोन तास मोफत असतात, आणि इटलीतली सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी. त्या रविवारी रांगा मोठ्या असतात, तेव्हा एकच ठिकाण ठरवून लवकर जा.

उंचावरून शहर बघायला मनोऱ्याचं महागडं तिकीट काढण्याआधी थोडं शोधा. टोकियोत महानगर सरकारच्या इमारतीत ४५ व्या मजल्यावर मोफत निरीक्षण कक्ष आहे. बर्लिनमध्ये राइशस्टाग या संसदेच्या इमारतीच्या काचेच्या घुमटावर मोफत जाता येतं, आधी नावं नोंदवावी लागतात. लिस्बनमध्ये टेकड्यांवरच्या उघड्या सज्जांवरून सगळी छपरं आणि नदी दिसते.

पाण्यातून फिरायचं असेल तर पर्यटकांच्या बोटीऐवजी तिथले लोक ज्या बोटीने कामाला जातात ती बघा. न्यूयॉर्कची स्टेटन आयलंड फेरी मोफत आहे आणि स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याजवळून जाते. हाँगकाँगची स्टार फेरी, इस्तंबूलमध्ये बॉस्फरस ओलांडणाऱ्या बोटी, बँकॉकमध्ये चाओ फ्राया नदीवरच्या बोटी, या साध्या प्रवासी बोटी आहेत. शहर कसं जगतं हे मला संग्रहालयापेक्षा अशा बोटीत जास्त कळलं आहे.

‘फ्री वॉकिंग टूर’ हा प्रकार मात्र नावाप्रमाणे फुकट नसतो. वाटाड्याची कमाई शेवटी मिळणाऱ्या पैशांवरच असते. चांगली फेरी झाली तर योग्य रक्कम द्या, आणि ती रोजच्या हिशोबात आधीच धरा.

आधी काय बुक करायचं, काय नाही?

जिथे तिकिटं संपतात तेवढंच. ॲमस्टरडॅममधलं ॲन फ्रँकचं घर फक्त ऑनलाइन तिकिटावर बघता येतं आणि तिकिटं दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी खुली होतात. मिलानमधलं लिओनार्दोचं ‘अखेरचं भोजन’ हे भित्तिचित्र लहान लहान गटांना पंधरा मिनिटांसाठी दाखवतात. अशा ठिकाणांची तिकिटं तारखा पक्क्या होताच काढा. साप्ताहिक सुट्टीही बघा: पॅरिसमधल्या संग्रहालयांपैकी लूव्र मंगळवारी बंद, ओर्से सोमवारी बंद. बाकीचे दिवस मोकळे ठेवा.

जेवणाचा खर्च कसा आवरायचा?

दिवसातून एकदाच बसून जेवा, आणि ते दुपारी. पुष्कळ शहरांत दुपारच्या ठरावीक जेवणाचा दर रात्रीपेक्षा बराच कमी असतो. बाकीच्या दोन वेळा बाजारातून किंवा सुपरमार्केटमधून आणून खोलीवर किंवा बागेत खा. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारीच घेऊन ठेवा. पाण्याची बाटली जवळ बाळगा: रोममध्ये रस्त्यांवर पिण्याच्या पाण्याचे शेकडो नळ आहेत, व्हिएन्नाच्या नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं.

रोख न्यावी की कार्ड?

दोन्ही, आणि कार्डं दोन, वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेली. दुकानात किंवा एटीएमवर यंत्र विचारतं, ‘तुमच्या देशाच्या चलनात पैसे द्यायचे का?’ दरवेळी नाही म्हणा आणि स्थानिक चलन निवडा. तुमच्या चलनात हो म्हटलं की विनिमयाचा दर तिथली यंत्रणा ठरवते आणि तो तुमच्या बँकेच्या दरापेक्षा सहसा महाग असतो. परदेशातल्या वापरावर आपली बँक काय आकारते ते निघण्याआधी विचारून घ्या.

दोघींचा हिशोब कसा ठेवायचा?

खर्च ज्या दिवशी झाला त्याच दिवशी लिहा. स्प्लिटवाइजसारखं ॲप वापरा किंवा साधी वही. सामायिक खर्च म्हणजे फक्त खोली, एकत्र आणलेला किराणा आणि एकत्र केलेली टॅक्सी. बाकी प्रत्येकीचं प्रत्येकीने. हॉटेलात एकीने बरंच मागवलं आणि दुसरीने फक्त सूप घेतलं तर बिल अर्धं-अर्धं करू नका.

ती ‘राहू दे, मी देते’ असं वारंवार म्हणाली तर? एखादं जेवण प्रेमाने स्वीकारा. पण महागडं ठिकाण तिने निवडायचं आणि तुमचा वाटाही तिने भरायचा, असं होऊ लागलं तर थांबवा. दुसऱ्या दिवसापासून तुमच्या मताला वजन राहत नाही. ‘आपण मला परवडेल तिथे जाऊ, मग मी मोकळेपणाने खाईन’ असं सांगा. चांगली मैत्रीण हे समजून घेते.

आमचा वेग जुळला नाही तर?

तो जुळणार नाही असंच धरून चाला. तिला सकाळी लवकर निघायची सवय, तुम्हाला एका चित्रासमोर अर्धा तास उभं राहायचं असतं. किंवा नेमकं उलट. उपाय सोपा आहे: रोज काही तास वेगळं व्हा. सकाळी एकत्र, दुपारी स्वतंत्र, संध्याकाळी ठरलेल्या जागी भेट. भेटीची जागा अशी असावी जिथे बसता येईल आणि उशीर झाला तर थांबायला पैसे पडणार नाहीत. जसं की ग्रंथालय, बाग, मोठं स्टेशन.

नवख्या माणसाला एकटं फिरायची धास्ती वाटते, पण तेच तास तुमच्या प्रवासातले सगळ्यात मोलाचे ठरतील. मेट्रोचा नकाशा स्वतः वाचला, तिकीट स्वतः काढलं, रस्ता दोनदा विचारला, की शहर तुमचंही होतं. पहिल्याच दिवशी परतीचा रस्ता तुम्ही दाखवा आणि तिला मागे चालू द्या. तिथल्या भाषेतले नमस्कार, आभार, क्षमा आणि ‘किती झाले’ एवढे शब्द शिकून घ्या. बोलायचं काम सगळं तिच्यावर टाकू नका.

चुकामूक झाली किंवा फोन बंद पडला तर?

मुक्कामाचा पत्ता कागदावर, तिथल्या लिपीत लिहून खिशात ठेवा. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून घ्या. पासपोर्ट, व्हिसा आणि विम्याच्या प्रती दोघींकडे एकमेकींच्या असू द्या. खोलीच्या किल्ल्या दोन मागा. युरोपीय संघातल्या सगळ्या देशांत तातडीचा क्रमांक ११२ आहे.

शेवटच्या दिवशी काय उरकायचं?

नाणी खर्च करून टाका, कारण पैसे बदलून देणारे सहसा फक्त नोटाच घेतात. प्रवासाच्या कार्डात शिल्लक असेल तर ती परत मिळते का ते स्टेशनवर विचारा. हाँगकाँगच्या ऑक्टोपस कार्डासारखी काही कार्डं परत करता येतात. सकाळी खोली सोडून संध्याकाळचं विमान असेल तर सामान हॉटेलातच ठेवायला सांगा, बहुतेक ठिकाणी ते विनामूल्य ठेवतात. आणि विमानतळावर वाट बघत बसल्या असाल तेव्हाच सामायिक खर्चाची वही उघडून देणं-घेणं चुकतं करा.